कोरड्या बोटीचे दोन वाचक

इज्बत अल-बुर्ज
१२ मे २००७

रागियाताई,

घे, कागदावर लिहितोय. तुझीच अट होती ना? “हैसम, पडद्यावर तू ओरडतोस. मला लिहायचं तर कागदावर लिही, पाकीट चिकटवेपर्यंत तरी निवशील.” सार्डिनचा ट्रक घेऊन तुमच्या अलेक्झांड्रियाला येणारे शिहाताकाका हे पाकीट तुझ्या ग्रंथालयाच्या दारावर देतील. वास आला तर नाक धर, पण शेवटपर्यंत वाच.

जानेवारीत तू मला ब्लॉग उघडून दिलास. नाव मी ठेवलं, ‘कोरडी बोट’. बाबांच्या गोदीत चोवीस मीटरची बोट उभी राहतेय, तिच्यावर लिहितो. कणा टाकला त्या दिवशी पहिली पोस्ट, मग जवळजवळ प्रत्येक बरगडीला एक. एकोणीस झाल्या. काल धीर करून पहिल्यांदा फीडच्या वर्गणीदारांचा आकडा पाहिला. दोन. दोन, ताई! एक मी स्वतः, पोहोचतंय का ते बघायला मीच माझं फीड लावून घेतलं होतं. दुसरी तू. म्हणजे चार महिने मी भिंतीशी बोलत होतो आणि भिंत निघाली माझी चुलतबहीण.

मला दोन नकोत. दहा हजार हवेत.

का, ते तुला माहीत आहे. तरी लिहितो, तेवढंच तिचं नाव लिहायला मिळतं. सलसबील. गेल्या सप्टेंबरात तिच्या वडिलांना ओमानात नोकरी लागली आणि घरच्या घर उठून गेलं. ओमानात कुठे, मला माहीत नाही. तिचा नंबर ज्या फोनमध्ये होता तो मी नाईलमध्ये भिरकावला. आदल्या दिवशी प्राध्यापकांच्या टेबलावर ओळखपत्र भिरकावून इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष सोडलं होतं. फेकाफेकीचाच आठवडा होता तो. ती एवढंच म्हणाली, “हैसम, एखादी तरी गोष्ट पुरी कर. मग माझ्याशी बोल.” मी म्हणालो, “जा तर जा!” आयुष्यात माझं इतकं ताबडतोब कुणीच ऐकलं नव्हतं.

पलीकडे रास अल-बरला जाणारी लाँच आठवते ना? दहा मिनिटांचा प्रवास. नाईल जिथे समुद्रात शिरते तिथे पाण्यावर एक शिवण दिसते, अलीकडे तपकिरी, पलीकडे निळं. मी तिला काहीबाही सांगत सुटायचो आणि ती त्या शिवणीकडे बघत मधूनच एक शब्द टाकायची, “मग?” बस्स. त्या एका शब्दावर मी पुढचा काठ येईपर्यंत जगायचो. अजूनही पोस्ट लिहिताना परिच्छेद संपला की तो मला ऐकू येतो.

तर माझा बेत असा. ती जगात कुठेही असो, वाचल्याशिवाय राहायची नाही. मी इतकं पसरायला हवं की ती जिथे बसली असेल तिथल्या खिडकीतून माझी एखादी ओळ आपसूक आत यावी. दहा हजारांत एक ती असेलच. कैरोचं ‘मनारा’ नावाचं पान आहे, सगळ्यांची फीड गोळा करून एका जागी लावतं. ‘झाजिल’ नावाची एक सेवाही आहे, आपलं फीड घेते आणि पंधरा ठिकाणी वाटते, वर वर्गणीदार मोजून देते. हे सगळं कसं करायचं ते सांग. ओरडत नाहीये. बघ, अक्षर किती सुवाच्य आहे.

तुझा,
हैसम


अलेक्झांड्रिया
२० मे २००७

हैसम,

पाकीट तीन दिवस खिडकीबाहेर टांगून ठेवलं, मग वाचलं. तोवर गल्लीतली मांजरं तुझी चाहती झाली. तीही आकड्यात धर.

सांगते, पण आधी हे समजून घे. फीड म्हणजे नुसती यादी नव्हे. कुणीतरी एकदाच तुझा पत्ता आपल्या रीडरमध्ये टाकतं. त्यानंतर त्या माणसाला तुझ्या दाराशी यावं लागत नाही, तू लिहिलंस की ते त्याच्या मांडीवर जाऊन पडतं. तू झोपला असशील, ते विसरले असतील, तरी पडतं. या सगळ्या कारभारात पवित्र काही असेल तर तो पत्ता. बाकी सगळी सजावट.

मनाराला अर्ज कर, तुझं लाकूड त्यांना आवडेल. झाजिलकडेही जा. ते तुला फीडचा एक नवा पत्ता देतील, तो वाटत सुट. पण जुनं घर सोडू नकोस आणि जुना पत्ता बंद करू नकोस. फीडमध्ये पोस्ट पुरी जाऊ दे, शेवटच्या शब्दापर्यंत, आणि खाली तुझा ई-मेल दे. पुष्कळ कचेऱ्यांमध्ये ब्लॉगचं पान उघडतच नाही, फक्त रीडर उघडतो. तिथे बसलेल्या माणसाच्या तोंडावर तीन ओळींनंतर दार आपटू नये. का, कुणासाठी, असले प्रश्न मला विचारू नकोस. मोठी आहे, ऐक.

मी रोज दुपारी कॉफीचा कप घेऊन तुझं पान उघडते आणि वाचते. तुतीच्या वाकड्या फांदीतून बरगडी आयतीच कशी मिळते, झाड वाढतानाच बोटीचा बाक शिकून घेतं, असं काहीसं लिहिलंयस ना? त्या दिवशी कॉफी निवून गेली.

काकांना सलाम सांग. इंजिनिअरिंगचं काय ते तू बघ, पण ती बोट अर्धी सोडलीस तर मी स्वतः येऊन तुझे कान उपटीन.

रागिया


इज्बत अल-बुर्ज
११ जून २००७

ताई,

एकशे चाळीस!

मनारात घेतलं. झाजिलने पंधरा ठिकाणी वाटलं. आता सायबर कॅफेत शिरलो की आधी आकडा बघतो, मग बसतो. पहिल्या दिवशी नऊ, मग एकतीस, मग एकदम एकसष्ट. मला ते दिवे वाटतात गं. अंधाऱ्या समुद्रावर मासेमारीच्या बोटींचे असतात तसे, एकेक पेटत जाणारे. त्यांतला एक ओमानच्या किनाऱ्याजवळ असणार. कोणता ते दिसत नाही एवढंच.

झाजिलवाले म्हणतात, फीडमध्ये तीनच ओळी द्या, म्हणजे लोक पानावर येतात. मी तसं केलं होतं. पण तुझं ‘तोंडावर दार’ डोक्यात अडकून बसलं, म्हणून पुन्हा पुरी पोस्ट लावली. खाली ई-मेलही दिला. खूश?

बाकी दुपार इथे फार सुंदर असते. जेवून बरगड्यांच्या आत आडवा होतो. वर आकाश पट्ट्यापट्ट्यांनी कापलेलं. वाटतं बोट कधीच पाण्यात गेलीय, मी तळाशी पडलोय आणि वरून माशांच्या ऐवजी कबुतरं पोहत चाललीत. बाबा खालून हाक मारतात, “मुतवल्ली घराण्याच्या राजकुमारा, स्वप्न संपलं असेल तर फळी धर!” मी धरतो. पण मन आकड्याकडे.

हैसम


इज्बत अल-बुर्ज
९ जुलै २००७

ताई,

बसली आहेस ना? एक हजार एकशे चाळीस. मनाराच्या पहिल्या विसांत आपलं नाव!

कसं झालं ते ऐक. तांता शहरातल्या एका शहाण्याने आपल्या ब्लॉगवर लिहिलं, लाकडी बोटींचे दिवस संपले, त्या बांधणारे लोक म्हणजे चालतीबोलती वस्तुसंग्रहालयं. माझ्या बाबांना वस्तुसंग्रहालय! मी असा धुतला त्याला की दोन दिवस लोक आमचं भांडण वाचायला येत होते. मग मी आमच्या प्राध्यापकांवर लिहिलं. नाव न घेता, पण मिशांवरून कुणीही ओळखेल. तीनशे वर्गणीदार एका आठवड्यात! बरगड्यांवर महिनाभरात जेवढे आले नाहीत तेवढे मिशांवर आले. मला आता कळलं लोकांना काय हवं असतं.

आणखी एक. झाजिल आता ब्लॉगला जागाही देतं. मी बिऱ्हाड तिकडेच हलवलं, हे भांडण नि मिशा सगळं तिथूनच. जुन्या जागेला १ जुलैला कुलूप घातलं. पासवर्ड बदलला, बंद केलं, झालं. जुन्या जागेवाले म्हणे नव्वद दिवस सगळं गोठवून ठेवतात, मग पुसतात. पुसू देत. तिथे होतं कोण? तू आणि मी. दोन ठिकाणी आकडा फुटला की विसांतला नंबर खाली जातो. मी मला इकडे आणलंय, तूही नवा पत्ता टाकून घे. विसरू नकोस, एक आकडा कमी पडतो.

हैसम


अलेक्झांड्रिया
१४ जुलै २००७

हैसम,

जुनं घर उघड. आज. हे वाचून झाल्या झाल्या. मी आत शिरायला गेले तर तू पासवर्ड बदललेला.

कारण सांगणार नाही. मी कुणालातरी शब्द दिलेला आहे आणि तो मोडायची माझी पद्धत नाही. तुला एकदा तरी कारण न विचारता एखादी गोष्ट करता येईल का?

आणि गेल्या पाच पोस्टमध्ये लाकूड कुठे आहे?

रागिया


इज्बत अल-बुर्ज
२१ जुलै २००७

रागियाताई,

कारण न विचारता मी नर्सरीत गेलो, शाळेत गेलो, इंजिनिअरिंगला गेलो. आता पुरे.

मला वाटलं होतं तू नाचशील. आख्ख्या खानदानात पहिल्यांदा कुणाचंतरी म्हणणं एक हजार माणसं ऐकून घेताहेत, आणि तुला काळजी कसली, तर जुन्या घराच्या कुलुपाची. बाबा तसेच. मंगळवारी म्हणाले, “तुझ्या हजार लोकांतला एक पाठव, ही फळी धरायला.” मी पाना टाकला आणि निघून आलो. चार दिवस गोदीवर गेलो नाही, जाणारही नाही. सायबरवाला मला मानाने खुर्ची देतो.

मी हे सगळं कुणासाठी करतोय ते तुला सांगितलं होतं. तिच्यापर्यंत पोहोचायचा दुसरा रस्ता असेल तर दाखव. नसेल तर उपदेश करू नकोस. पाकीट चिकटवूनही मी निवलेलो नाही, हे मुद्दाम कळवतो.

हैसम


अलेक्झांड्रिया
२० सप्टेंबर २००७

हैसम,

दोन महिने तू लिहिलं नाहीस, मीही नाही. गोदीवर तीनदा फोन केला. काका म्हणाले, “साहेब सायबरात आहेत, निरोप काय देऊ?” आता काकांच्या कानात घालण्यासारखा हा निरोप नव्हता. आज शब्द मोडते. रोजा आहे, अल्लाह मला माफ करो. तू बसून वाच.

मी तुझी वर्गणीदार कधीच नव्हते. मला ते रीडर जमत नाही, मी पान उघडून वाचते. तुला हे मे महिन्यातच लिहिलं होतं, कॉफीच्या कपासकट. तू वाचलं नाहीस. तुझे डोळे तेव्हा दहा हजारांवर होते.

दोघांतला दुसरा वाचक सलसबील होती.

फेब्रुवारीत तिचा मला ई-मेल आला. ओमानात सलालाला आहे, बंदरावरच्या एका जहाज एजंटाच्या कचेरीत टायपिंग करते. तू काय करतोस, एवढंच विचारलं होतं. मी तुझ्या फीडचा पत्ता दिला. तिच्या कचेरीत ब्लॉग उघडत नाहीत, फक्त रीडर उघडतो. तिने मला शपथ घातली. तिचेच शब्द देते: “मी वाचतेय हे त्याला सांगू नका. कळलं की तो माझ्याकडे तोंड करून लिहील, आणि मग ओरडायला लागेल. तो लाकडाशी बोलतो ना, ते मला ऐकायचंय.”

पाच महिने, नवी बरगडी आली की सकाळी ती आधी तीच वाचायची, मग जहाजांचे कागद. एकदा मला लिहिलं होतं, “इथे डोंगरावर धुकं उतरलंय, खिडकीतून बंदर दिसत नाही, पण त्याची बोट दिसते.”

जुलैपासून तिच्याकडे काहीच आलं नाही. महिनाभर तिने वाट पाहिली. मग ऑगस्टमध्ये लिहिलं, “थांबला वाटतं. पुन्हा अर्ध्यातच.” कळतंय ना, हैसम? तू हजार लोकांपुढे गर्जत होतास आणि तिला ऐकू आलं ते एवढंच, की या मुलाने आणखी एक गोष्ट अर्धी टाकली.

मी तिला कळवलं, थांबला नाही, घर बदललंय, हा नवा पत्ता. तिने तिथल्या तीन पोस्ट वाचल्या. उत्तर आलं: “हा तोच, ओरडणारा. मिशांबद्दल लिहितो. बोट कुठे गेली? त्या दोन हजारांच्या गर्दीत मला उभं राहायचं नाही. त्याची बाजू मांडू नका. जुना पत्ता मी अजून काढलेला नाही, यायचं असेल तर बोट तिथेच येईल.”

आता शेवटचं. तिचे वडील नोकरी करतात त्या शाळेतल्या एकांकडून तिला मागणी आली आहे. ईदच्या तिसऱ्या दिवशी ते लोक फातिहा वाचून लग्न पक्कं करायला येणार. नाही म्हणायला तिच्याकडे कारण नाही, आणि ती खोटं कारण सांगणारी मुलगी नव्हे. ईदच्या सुट्टीआधी कचेरीचा शेवटचा दिवस १० ऑक्टोबर. त्यानंतर रीडर नाही.

आणि तुझे नव्वद दिवस २९ सप्टेंबरला भरतात. शिहाताकाकांना सांगितलंय, हे पाकीट मासळीआधी पोहोचलं पाहिजे.

रागिया


इज्बत अल-बुर्ज
२६ सप्टेंबर २००७

ताई,

पाकीट २२ला मिळालं. मी गोदीच्या फाटकात उभा राहून वाचलं. शिहाताकाका म्हणाले, “काय रे, कुणी गेलं का?” मी म्हणालो, “नाही. कुणीतरी होतं, मलाच कळलं नाही.”

जुनं घर त्याच दुपारी उघडलं. सगळं जसंच्या तसं होतं, एकोणिसाच्या पुढच्याही सगळ्या बरगड्या, शेवटची २८ जूनची. स्वतःचं नाव तिथल्या वर्गणीदारांत राहिलंच होतं, ते काढून टाकलं, म्हणजे आकडा खरं बोलेल. आकडा: शून्य.

चार दिवस शून्यच आहे. सायबरवाला म्हणतो, पत्ता फार दिवस मेलेला असला की रीडरही कंटाळतात. आधी तासाला डोकावतात, मग दिवसाला, मग कधीतरी, मग डोकावतच नाहीत. मला त्या यंत्राचं आश्चर्य वाटलं. तेही माणसासारखंच.

झाजिलच्या पानावर दोन हजार तीनशे लोक आहेत. हात शिवशिवला, खरं सांगतो. एक ओळ टाकली असती, ‘जुन्या पत्त्यावर चला’, तर दुपारपर्यंत जुन्या घरी हजाराची रांग लागली असती. पण मग त्यांतली ती कोणती, हे मला मेल्यावरही कळलं नसतं. तिथे फक्त एवढंच लिहिलं, ‘इथलं बंद. हातांना काम आहे.’ ताई, दोन हजार तीनशेंपैकी एकानेही विचारलं नाही बोटीचं काय झालं. तांताच्या शहाण्याने तेवढं विचारलं, “पुढचं भांडण कधी?”

गोदीवर गेलो. बाबा एकटे फळीला खांदा लावून उभे होते. मी दुसरं टोक धरलं. अर्ध्या तासाने बाबा म्हणाले, “हातोडा घे. लग्नाला आल्यासारखा उभा राहू नकोस.” रोज्याच्या तोंडाने आम्ही फटींत कापसाचे पीळ ठोकतो. ठक, ठक. अजून दोनशे हात फट बाकी आहे. बाबा म्हणतात, ईदनंतर पाण्यात. मी म्हणतो, आठ तारखेला. ते म्हणाले, “का, तुझ्या हजारांना बोलावलंयस?” मी म्हणालो, “नाही बाबा, एकालाच.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः पहाटेच्या अजानला कामाला हजर.

रोज एक पोस्ट टाकतो, जुन्या पत्त्यावर. तिच्याकडे तोंड करून नाही. लाकडाशीच बोलतो. फार अवघड आहे, ताई, ती ऐकत असेल हे माहीत असताना लाकडाशी बोलणं.

तू चुकूनही तिथे वर्गणीदार होऊ नकोस. शपथ घे.

हैसम


अलेक्झांड्रिया
२ ऑक्टोबर २००७

हैसम,

शपथ घेते, आणि तीही कॉफीची. रोज्यात दिवसा कॉफीची शपथ म्हणजे किती मोठी ते तुला कळायचं नाही.

मी तिला काहीही कळवलेलं नाही. बाजू मांडू नका म्हणाली, नाही मांडत. तिने जुना पत्ता अजून ठेवलाय का, तेही मला माहीत नाही. हे तुझं तुलाच पोहोचवायचं आहे, आणि त्याला झाजिलचा काही उपयोग नाही.

कालची पोस्ट वाचली. “दुपारी बोटीच्या पोटात हातोड्याचा आवाज फिरतो आणि परत येतो, तेव्हा वाटतं आत कुणीतरी आहे आणि उत्तर देतंय.” मी तो कागद छापून ग्रंथालयाच्या खणात ठेवला. कॅटलॉगमध्ये कुठे घालावा, ठरत नाहीये.

इफ्तारला नीट खात जा. काकू म्हणाली तू वाळलास.

रागिया


इज्बत अल-बुर्ज
११ ऑक्टोबर २००७

ताई,

हे शिहाताकाकांचा ट्रक सुरू असताना बोनेटवर ठेवून लिहितोय, अक्षराला हसू नकोस.

सोमवारी, आठ तारखेला, तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर बोट पाण्यात गेली. उतरणीवर चरबी आणि साबण फासला होता. खालचे ठोकळे काढले, आणि काहीच झालं नाही. चोवीस मीटर लाकूड, आणि सगळं गाव श्वास रोखून. बाबांनी तिच्या अंगावर तळवा टेकवला, घोड्याला टेकवतात तसा, आणि हळू म्हणाले, “चल, बेटा.” कुणाला म्हणाले कळलं नाही. मग ती स्वतःहून निघाली. आवाजच नाही, ताई. इतकी मोठी वस्तू, आणि ढग सरकावा तशी. नऊ महिने मी तिला जमिनीवर पाहिली होती. पाण्यात गेल्यावर ती थोडीशी हलली, झोपेत कूस बदलल्यासारखी, आणि मला एकदम परकी वाटली.

तीच पोस्ट लिहिली त्या दिवशी. शेवट असा केला: “नवी बोट पहिले दोन दिवस पाणी पिते. सगळीकडून झिरपतं, बघणाऱ्याला वाटतं बुडाली. पण कुणी काही करायचं नसतं. लाकूड भिजतं, फुगतं आणि फटी आतून मिटत जातात. ही बोट पुरी झाली. आता ती कोरडी नाही.” बस्स. कुणाचं नाव नाही, हाक नाही.

मंगळवारी आकडा शून्य. मी सायबरमधून उठलो आणि बोटीत जाऊन बसलो, पाणी उपसत. घोटाभर होतं. बाबा म्हणाले, “उपसतोस कशाला? पिऊ दे तिला.”

बुधवारी, म्हणजे काल, दहा तारीख. दुपारपर्यंत शून्य. तिची कचेरी दोनला सुटत असणार, असं मनाशी धरलं होतं. तिकडच्या दोनला इकडे बारा. बारा वाजले. साडेबारा. सायबरवाला म्हणाला, “हैसमबेग, आज कुणाला धुणार?” मी म्हणालो, “गप बस रे.” ओरडलो नाही, विचार त्याला.

एकला पान पुन्हा उघडलं.

एक.

मी बराच वेळ तो एक नुसता बघत बसलो. दोन हजार तीनशेंना कधी इतका वेळ पाहिलं नव्हतं. तू नव्हेस ना? नाहीस, कॉफीची शपथ आहे. मग पोस्टखालच्या ई-मेलच्या पत्त्यावर गेलो. एक पत्र आलेलं. पाठवणाऱ्याच्या जागी सलालाच्या कुठल्याशा जहाज एजंटाचं नाव, वर विषय काही नाही. आत दोन ओळी.

बोट पाणी प्यायची थांबली, ताई. आज सकाळी तळ कोरडा होता. बाबांना हात धरून नेऊन दाखवला. शिहाताकाका हॉर्न वाजवताहेत, पाकीट चिकटवायलाही वेळ नाही, आणि निवायचं तर मला आज मुळीच नाही. मला सायबरमध्ये जायचंय, उत्तर लिहायचंय. त्या दोन ओळी तेवढ्या तुझ्यासाठी उतरवून देतो:

“पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवलंय.
मग?”

हैसम